डावीकडचा समुद्र

टिकाराम सोनकुसरेने समुद्र कधी पाहिला नव्हता आणि त्यावाचून एकसष्ट वर्षांत त्याचं काही अडलंही नव्हतं. मोहाडीच्या कोष्टी मोहल्ल्यात समुद्रावाचून कोणाचंच अडत नाही. पाणी म्हटलं की गावचा तलाव, फार तर पुरातली वैनगंगा. पण दसरा झाला आणि त्याच्या हातमागासमोरच्या भिंतीवर एकदम पाच समुद्र येऊन चिकटले. त्या दिवसापासून या भल्या माणसाचं बूड एका जागी टेकेना.

समुद्र आणले मोनिकाने. ही नागपूरची पोरगी चार वर्षांपासून त्याच्याकडून कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणून घेत होती आणि दिल्लीकडच्या प्रदर्शनांत मांडत होती. त्या दिवशी आली ती पाच फोटो घेऊनच. चहा व्हायच्या आत तिने ते चिकटपट्टीने भिंतीला लावूनही टाकले.

"काका, करवत खूप झाली. आता मले पाच साड्या पाहिजे, एकेका साडीत एकेक समुद्रकिनारा. अंग वाळूच्या रंगाचं, काठ पाण्याच्या रंगाचा. आणि दोघं भेटतात तिथं दात नको. लाट पाहिजे."

करवत म्हणजे इकडच्या लुगड्याची ओळख. अंगाचा रंग आणि काठाचा रंग जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दात येतात. त्यासाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात आणि मागावर माणसं दोन. मधलं अंग आणि उजवा काठ टिकारामचा, डावा काठ त्याच्या बायकोचा, विजयमालाचा. एकेक दात पुरा झाला की तो विचारायचा, "दात?" आणि ती म्हणायची, "बसला." चौतीस वर्षांच्या संसारात दोघांचं बाकीचं सगळं बोलणं गोळा केलं तरी या दोन शब्दांइतकं भरणार नाही. घरात एक दंडकही होता. माग चालू असताना ज्याने त्याने आपलाच काठ पाहायचा. दुसऱ्याच्या काठावर नजर गेली की धाग्यांची मोज चुकते.

"एवढंच ना?" टिकाराम म्हणाला. "होऊन जाईल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या दातांवर पट्टी ठेवून रेघ मारावी असा त्याचा लौकिक, पण लाट त्याच्या सात पिढ्यांत कोणी विणली नव्हती.

फोटोंच्या मागे मोनिकाने पेनाने माहिती लिहिली होती. विजयमाला सातवी शिकलेली, तिने एकेक फोटो उतरवून वाचायला घेतला. बहामा बेटांवरची वाळू गुलाबी, कारण समुद्रातल्या बारीक जिवांची तांबडी कवचं फुटून तिच्यात मिसळतात. आइसलँडची वाळू काळी, ज्वालामुखीची, आणि तिथे समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, एखादी लाट न सांगता येते आणि माणसाला ओढून नेते. हवाई बेटावर एका ठिकाणी वाळू हिरवी. कॅलिफोर्नियात एका किनाऱ्यावर काचेचे खडे पसरलेले, लाल, निळे, पांढरे. तिथे म्हणे एकेकाळी गावाचा कचरा समुद्रात फेकत.

"बाटल्या अन् काचेची भांडी?" विजयमालाने विचारलं.

"हो काकू. समुद्रानं घासून घासून त्याचे मणी केले."

"बाप्पा! म्हंजे फुटलेलं बी कामात आलं."

पाचवा फोटो ओडिशातल्या चांदीपूरचा. तिथला समुद्र दिवसातून दोनदा किनारा सोडून कितीतरी लांब आत निघून जातो, मागे नुसती ओली वाळू राहते, आणि मग पुन्हा येतो. विजयमालाने तो फोटो बराच वेळ सोडला नाही.

"पाणी कोण सोडते तिथलं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तलाव उतरला म्हंजे खाली कोणाच्या धानाले पाणी सोडलं. एवढा मोठा समुद्र उतरते, तं धान किती लोकाइचे असतीन!"

मोनिका हसून हसून खाली बसली. टिकाराम चिडला. "समुद्राले कोणी पाट काढते का व? काहीबाही विचारते." खरं म्हणजे त्याच्याही मनात तेच आलं होतं, फक्त तो बोलला नव्हता.

विजयमालाही हसली. तिच्या हातातला फोटो थरथरत होता, तो हसण्यानेच असं सगळ्यांना वाटलं.

पहिली साडी गुलाबी वाळूची. टिकाराम मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि पहिल्याच दिवशी त्याला कळलं की आपण फसलो. मनात लाट धरली तरी हात दात घालत होता. मोजून आत, मोजून बाहेर. त्याने उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. चार वेळा उसवल्यावर कोशाचा धागा केसाळ झाला. तो उठून अंगणात जायचा, परत यायचा, भिंतीवरचा फोटो नाकाशी धरायचा. एकदा भर दुपारी तलावावर जाऊन काठावरचं पाणी पाहत बसला. तिथे म्हशी होत्या. लाट काही नव्हती.

"तुमचं होते का?" विजयमाला विचारायची.

"तू तुहा काठ पाह."

त्याच आठवड्यात भावना आली. ही आरोग्य केंद्रातली नर्स, राहणारी बुद्धविहाराजवळची, घरोघर रक्तदाब पाहत फिरे. विजयमालाने तिच्या पुढे चहा ठेवला तेव्हा कपातला अर्धा बशीत आला होता.

"काकू, हात केव्हापासून हालते?"

"पोळ्यापासून. तसं काही नाही व."

"पोळ्यापासून? काका, तुम्हाले नाही दिसलं?"

टिकारामला दिसलं होतं. ब्लाउजचा हूक तिला लावता येईना, गावच्या पंगतीत भात सांडतो म्हणून ती जेवायला जाईना, हे त्याला दिसत होतं. त्याने ते म्हातारपणाच्या नावावर टाकलं होतं. भावनाने तिथेच उभं राहून नागपूरला फोन लावला आणि मोठ्या डॉक्टरची पुढच्या मंगळवारची तारीख घेतली.

"हे अंगावर काढाचं नाही, काका. पुरं बरं नाही झालं तरी गोळीनं आवरते. पण दाखवल्याबिगर गोळी भेटत नाही."

"जाऊ ना. काहून नाही जाणार?"

तेव्हा तो मनापासून बोलत होता, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

रविवारी मोनिका आली. अर्धी विणलेली साडी मागावर होती. तिने आधी उजवा काठ पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. "काका, ही तं करवतच आहे. जराशी वाकडी करवत." टिकारामचे कान तापले. मग ती डावीकडे गेली. वाकली. तिने भिंतीवरून बहामाचा फोटो काढला आणि काठाला लावून धरला. पाणी वाळूवर चढावं, कुठे जास्त चढावं, कुठे विचार बदलून मागे फिरावं, तसा निळा धागा गुलाबीत शिरला होता. एक लाट दुसरीसारखी नव्हती.

"हा समुद्र आहे," मोनिका म्हणाली. "काका, हे कसं केलं तुम्ही?"

माग चालताना मोनिकाने कधी पाहिला नव्हता, दोन्ही काठ काकाच विणतात असं ती धरून चालली होती. विजयमालाने उजवा हात पदराखाली घेतला.

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. टिकारामने घसा साफ केला आणि म्हणाला, "जमते हळूहळू."

"मग असंच ठेवा. एका काठाले समुद्र, दुसऱ्या काठाले करवत. पाचही साड्या." तिने मोबाइल काढून डाव्या काठाचे फोटो घेतले. संध्याकाळपर्यंत ते लोकांपर्यंत पोचले, खाली नाव: मोहाडीच्या टिकाराम सोनकुसरे यांनी विणलेला समुद्र. दिल्ली, कोची, कुठून कुठून लोकांनी वाहवा केली. सदतीस वर्षं हा माणूस विणत होता आणि आजवर त्याच्या लुगड्याला दुकानाचं नाव लागलं होतं, त्याचं कधी नाही. त्याने ते नाव शेजाऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी विजयमाला नवं लुगडं नेसून बसली होती. टिकाराम बाहेरून आला आणि म्हणाला, "हे गुलाबी उतरू दे. मंग जाऊ."

ती लुगडं बदलून मागावर येऊन बसली.

गुलाबी उतरलं. काळं चढलं. भावनाने दुसरी तारीख घेतली, टिकाराम म्हणाला, बस चुकली. तिसरी घेतली, तो म्हणाला, पाव्हणे आले. भावना म्हणाली, "काका, तुमच्याकडे पाव्हणे येतात तं माह्या नजरेतून कसे सुटतात?" तो माग सोडून उगाच अंगणातला दगड या जागेवरून त्या जागेवर ठेवायला लागला.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती आणि ती ध्यानात आली याचीच त्याला धास्ती वाटत होती. ज्या दिवशी विजयमालाची झोप चांगली होई, त्या दिवशी सकाळी हात थोडा स्थिर असे आणि समुद्र सपाट पडे. दमलेली असली की लाटा उठत. हिरव्या साडीच्या वेळी एका सकाळी तो सहज म्हणाल्यासारखा म्हणाला, "पाण्याच्या दोन बकेटा जास्तीच्या आणतं का? बाहेर शिंपडाले होतीन." तिने आणल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला म्हणावं लागलं नाही. चहाही तो आताशा स्वतः करून द्यायचा, काळाकुट्ट, दिवसातून चार वेळा. चहाने हात जास्त हालतो, हे भावनानेच सांगितलं होतं. शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "नशीब काढलं व विजयमाला, नवरा चहा करून देते." विजयमाला हसली.

टिकारामला अन्न गोड लागेना. धोटा टाकताना नजर डावीकडे पळू पाही, आणि काठावर नाही, तिच्या हातावर. हात हालताना दिसला की याला हायसं वाटे, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे. भिंतीवर काळ्या वाळूचा फोटो होता. त्या समुद्राकडे पाठ करायची नाही म्हणे. हा तर दिवसभर त्याच्याकडे तोंड करूनच बसला होता, तरी काहीतरी मागून येतं आहे असं त्याला वाटत राही.

काचेच्या किनाऱ्याची साडी संक्रांतीला उतरली. चौघींत ती देखणी. मोनिका येऊन चारही घेऊन गेली, आणि जाताना छापलेल्या चिठ्ठ्या दाखवून गेली, एकेका साडीला बांधायच्या. प्रत्येकीवर टिकारामचं नाव. राहिली चांदीपूरची. विजयमालाच्या मनात भरलेला तोच एक किनारा होता, फोटो तिने भिंतीवरून काढून आपल्या बाजूच्या खांबाला लावला होता.

तिसरा हिस्सा विणून झाला तेव्हाची गोष्ट. दुपार होती. टिकारामने दात पुरा केला आणि विचारलं, "दात?"

डावीकडचा धोटा थांबला.

"दात?"

विजयमालाने धोटा मांडीवर ठेवला. "अजी, मले माहीत आहे."

"काय?"

"मले दवाखान्यात काहून नेलं नाही ते. अन् बकेटा कायले आणाले लावल्या ते. अन् हा चहा."

टिकारामचा हात मागाच्या फणीवर तसाच राहिला. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण एवढ्या दिवसांत बसही चुकून झाली होती आणि पाहुणेही येऊन गेले होते. आता सांगायला काही शिल्लक नव्हतं.

"तुले माहीत होतं तं मंग बोलली काहून नाही?" तो शेवटी म्हणाला, आणि तेही रागावूनच.

"कारण मले बी पाहिजे होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "चौतीस वर्सं तुमच्यासारखा दात घातला. कोणी म्हणलं नाही का हा काठ विजयमालाचा. तुमच्यापेक्षा वेगळा झाला असता तं उसवला असता. पहिल्यांदा कोणी वाकून माहा काठ पाहिला, फोटोसंग लावून पाहिला. म्हणून मी बी चूप राहिली. म्हणलं, पाच समुद्र होऊन जाऊ दे. पण काल आपल्या पोरीचा, रेणूचा फोन आला. नातीच्या वाढदिवसाले बलावते. मी नाही म्हणलं. काहून म्हणलं? तं तिथं चारचौघांत घास तोंडापर्यंत जात नाही म्हणून." तिने डोळे पुसायला हात उचलला आणि तो हात नाकाला लागला. "आता मले हात पाहिजे. माहा."

"जाऊ. उद्याच जाऊ."

"जाऊ. पण आधी मोनिकाले फोन लावा. हा काठ कोणाचा आहे ते सांगा. तुमच्याच तोंडानं."

याला वाटलं होतं की नागपूरला नेणं हेच अवघड. ते तर सोपं निघालं. टिकाराम उठला, पाणी प्यायला, मोबाइल शोधला, तो खिशातच होता. दारापर्यंत गेला. विजयमाला म्हणाली, "इथं बसून." तो पुन्हा खड्ड्याच्या काठावर बसला.

"मोनिकाबाई," तो म्हणाला. एरवी तो तिला बाई म्हणत नसे. "तो डावा काठ माहा नाही. माह्या घरवालीचा आहे. तिचा हात हालते. बिमारी आहे. मी तिले दवाखान्यात नेलं नाही, साड्या व्हाव्या म्हणून." त्याने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "अन् आता नेऊन राहिलो. हात आवरला का समुद्र बंद होईल. पाचवी साडी तुमच्या मनासारखी होणार नाही. नाव बदला तेवढं."

मोनिका म्हणाली, "काका, तुम्ही असं केलं?" एवढंच. नंतर म्हणाली, "काकूंले फोन द्या." विजयमालाने फोन दोन्ही हातांनी धरला. ती नुसती हो, हो म्हणत होती. शेवटी म्हणाली, "नाही, त्याहिले काही बोलू नको. मी आहे बोलाले."

नागपूरच्या डॉक्टरने तिच्याकडून कागदावर एक गोल काढून घेतला. तो गोल पाहून टिकारामने मान खाली घातली. डॉक्टर म्हणाला, पूर्ण जाणार नाही, पण आवरेल. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. चहा कमी. थकायचं नाही. आणि इतके महिने कुठे होता, असं त्याने विचारलं तेव्हा विजयमालाने उत्तर दिलं, "काम होतं."

दोन आठवड्यांनी तिने बशीत न सांडता चहा दिला. वाढदिवसाला दोघं जाऊन आली. पंगतीत ती भात-वरण जेवली आणि दुसऱ्यांदा मागून जेवली. टिकाराम समोर बसला होता, त्याचाच घास हातात राहिला होता.

मग दोघं पुन्हा मागावर बसली, चांदीपूरची साडी पुरी करायला. सकाळी विजयमालाचा हात शांत होता. डावीकडे दात पडू लागले, एकसारखे, पट्टी ठेवावी असे. दात? बसला. दात? बसला. लाटांचा हिस्सा मागे राहिला. टिकारामला वाटलं, चला, आपल्या कर्माचं फळ. अर्धा समुद्र, अर्धी करवत, असली साडी कोण नेसणार?

चारच्या सुमारास विजयमाला थांबली. सकाळच्या गोळीचा जोर उतरत आला होता, बोटं पुन्हा आपल्या मनाने चालू लागली होती. टिकारामने ते पाहिलं. तो एका झटक्यात खड्ड्यातून उठला आणि गोळी अन् पाण्याचा गिलास घेऊन आला.

"घे."

ती खांबाला लावलेल्या फोटोकडे पाहत होती. "दिवसातून दोनदा जाते म्हणे ना हा?"

"कोण?"

"चांदीपूरचा." तिने धोटा उचलला. "बसा. गोळी सहाची आहे."

"नको व. घेऊन टाक. नाही पाहिजे मले."

"तुमच्यासाठी कोण करून राहिलं?"

तो बसला. धोटा पलीकडून आला, अडखळला, पुढे गेला. दातांच्या सरळ ओळीनंतर निळा धागा वाळूत शिरू लागला, जरासा, मग आणखी. टिकारामने सवयीने विचारलं, "दात?"

"पाहा आता."

माग चालू होता. चौतीस वर्षांचा दंडक मोडून टिकारामने मान वळवली आणि तिच्या काठाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग तिच्या तोंडाकडे. ती जीभ दातांत धरून, लहान पोरीसारखी, आपल्या कामात होती. तो पाहतच राहिला, आणि त्याची मोज चुकली.

उजवीकडे एक दात वाकडा पडला होता, भलताच लांब. त्याचा हात उसवायला गेला.

"राहू द्या," विजयमाला मान वर न करता म्हणाली.

त्याने तो दात तसाच ठेवला. सहा वाजेपर्यंत दोघं विणत होती. मग त्याने गोळी तिच्या तळहातावर ठेवली, आणि पाण्याचा गिलास मागू दिला नाही, स्वतःच तिच्या तोंडाला लावला.